कारभारी, धनी नव्हे

शास्त्रपाठ : निर्गम 18:13–27, प्रेषितांची कृत्ये 6:1–7



मंडळ्यांच्या वार्षिक सभांचे दिवस जवळ आले म्हणजे आम्हांस गावोगावच्या उपदेशकांकडून एकाच तऱ्हेचे प्रश्न ऐकू येतात. कोणी म्हणतो, अमुक वडील पंधरा वर्षे चिटणीस आहेत, त्यांनी मंडळीसाठी पुष्कळ सोसले आहे. आता बाजूस व्हा असे त्यांस सांगावे तरी कसे? कोणी म्हणतो, विधवांसाठी जमविलेला फंड आहे खरा, पण तो किती आहे हे एका माणसावाचून कोणास ठाऊक नाही. कोणी म्हणतो, आमच्यांत दोन तट पडले असून मुलांची रात्रीची शाळा त्या भांडणात बंद झाली. हे प्रश्न लहान खेड्यांतले आहेत, परंतु मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांपुढेही हेच प्रश्न उभे आहेत. म्हणून आज आपण शास्त्राच्या आधाराने ह्याच गोष्टीचा विचार करू.

आपल्या पहिल्या पाठात मोशे रानात न्याय करावयास बसलेला दिसतो. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात पेशीच्या दिवशी माणसे सकाळची भाकर बांधून येतात आणि दिवस मावळेपर्यंत तिष्ठतात, हे आपण पाहिले आहे. मोशेभोवती लोकांची तशीच गर्दी होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक उभे, आणि निवाडा करणारा मात्र एकटा. त्याचा सासरा इथ्रो आपली मुलगी सीपोरा व तिचे दोन मुलगे ह्यांस घेऊन भेटीस आला होता. त्याने हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि जावयास स्पष्ट सांगितले की, तू करितोस हे बरे नव्हे; अशाने तूही थकून जाशील आणि हे लोकही थकतील.

येथे नीट लक्ष द्या. मोशे लोभी नव्हता. त्याने लाच घेतली नाही, कोणाचा हक्क बुडविला नाही, आळस केला नाही. तो देवाचा विश्वासू सेवक होता आणि दिवसभर देवाचेच काम करीत होता. तरीही ते बरे नव्हे, असे इथ्रोने म्हटले. आपण पुढाऱ्यांचे दोष मोजावयास बसलो म्हणजे पैशाची अफरातफर तेवढी दोषात धरितो. परंतु प्रामाणिक मनुष्यसुद्धा सारे काम आपल्याच हाती ठेवून संस्थेची हानी करू शकतो, ही गोष्ट हा अध्याय आपणांस शिकवितो.

काही वर्षांपूर्वी आम्ही नागपूरपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यातील मंडळीत गेलो होतो. गावाचे नाव आम्ही सांगत नाही. तेथे एक वृद्ध वडील वीस वर्षे विधवांच्या फंडाचा कारभार पाहात होते. सुगीच्या दिवसांत दारोदार फिरून ते मूठमूठ ज्वारी गोळा करीत, ती विकून पैसा बँकेत ठेवीत, आणि एका दमडीचाही घोळ त्यांच्या हातून झाला नाही. मात्र बँकेत सही त्यांची एकट्याची, पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि कोणास किती दिले ह्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात. एके दिवशी त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्याच महिन्यात मंडळीतील एका विधवेच्या मुलीस दवाखान्यात न्यावे लागले. ज्या दिवसासाठी वीस वर्षे मूठमूठ धान्य जमविले तोच दिवस उगवला, पैसा बँकेत होताच, पण तो काढता येईना. त्या बाईने सावकाराकडून व्याजाने रुपये घेतले. ते फेडण्यास तिला दोन वर्षे शेतावर मजुरी करावी लागली.

आम्ही त्या वडिलांस भेटावयास गेलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहात होते. त्यांनी डाव्या हाताने उशाखालची किल्ली काढून पाळकांच्या हाती दिली. त्यांनी चोरी केली नव्हती. त्यांनी एवढेच केले नव्हते की, आपल्यामागे हे काम कोण करील ह्याचा विचार शरीर धड असताना केला नव्हता. आणि बंधुजनहो, दोष त्यांचा एकट्याचा होता असेही नाही. वीस वर्षे साऱ्या मंडळीस हे सोयीचेच वाटत होते. कोणीतरी एकजण करितो आहे ना, मग आपण कशाला त्रास घ्या, असे म्हणून आपण एका मनुष्याच्या खांद्यावर जू ठेवितो आणि पुढे तो मनुष्य कोणास विचारीत नाही म्हणून कुरकुर करितो.

आता आपल्या नागपुराकडे पाहू. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे 1845 साली नागपुरास आले. 1846 मध्ये त्यांनी शाळा सुरू केली. 1847 मध्ये रॉबर्ट हंटर हे त्यांचे सोबती म्हणून आले, परंतु 1855 साली ते परत गेले. शाळा, उपदेश, नागपूर आणि कामठी ह्या दोन्ही ठिकाणचे काम, शिवाय दगड व खनिजे ह्यांचा अभ्यास आणि गोंड लोकांच्या भाषेची व चालीरीतींची माहिती गोळा करणे, इतके सारे हिस्लॉप साहेब करीत होते. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटाजवळची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून ते घोड्यावरून परत येत होते. रात्रीची वेळ, नाल्यास पूर आलेला. त्यात ते बुडून मेले. त्यांचे वय पंचेचाळीस वर्षांचे होते.

त्या रात्री नागपुरातील कितीतरी कामे पोरकी झाली असतील. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की, गोंड लोकांविषयी त्यांनी जे जमविले होते ते अपुरे असले तरी कागदावर लिहिलेले होते. म्हणून सर रिचर्ड टेंपल ह्यांस ते कागद नीट लावून 1866 साली छापविता आले. जे लिहिले होते ते उरले. जे केवळ त्यांच्या मनात होते ते त्यांच्याबरोबर गेले. दुसरी ही की, शाळा बंद पडली नाही. मागून आलेल्यांनी ती चालविली, आणि 1883 साली तिच्यातून जे महाविद्यालय निघाले त्यास हिस्लॉप ह्यांचे नाव मिळाले. पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. डेव्हिड मोझेस ह्या भारतीय विद्वानाने भूषविले. ज्याने बी पेरले त्याने झाड पाहिले नाही. पण ज्यांच्या हाती काम आले त्यांनी ते आपले म्हणून पुढे नेले, म्हणून झाड वाढले.

इथ्रो हा मिद्यानाचा याजक होता, इस्राएलातला नव्हता. तरी परक्याची सल्ला म्हणून मोशेने ती टाकून दिली नाही. तसेच आपणही आपल्या मंडळीबाहेरच्या लोकांपासून शिकण्यास लाजू नये. नागपुरातच कमलाताई होस्पेट ह्या बाल्यवयात विधवा झालेल्या बाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि 1921 साली वेणूताई नेने ह्या सखीच्या साहाय्याने मातृसेवा संघ काढला. त्या काळी बाळंतीण स्त्रीस अंधाऱ्या खोलीत मळक्या बाजेवर टाकीत, आणि कितीतरी आया व बालके त्यात दगावत. विधवा स्त्रीने घराबाहेर पडून सुइणीचे काम करावे हे लोकांस रुचणारे नव्हते. तरी काम वाढले. 1961 साली सरकाराने कमलाताईंस पद्मश्री दिली. परंतु आम्हांस त्या मानाहून मोठी वाटणारी गोष्ट दुसरी आहे. 1958 साली ह्याच संघाने समाजकार्य शिकविणारी संस्था काढली. म्हणजे, आपण सेवा करावी एवढ्यावर न थांबता, सेवा करणारे तयार करावे, हे त्यांनी जाणले. कमलाताई 1981 साली वारल्या. संघाच्या स्थापनेस 2021 साली शंभर वर्षे झाली.

वरोऱ्याची गोष्टही तुम्हांस ठाऊक असेल. बाबा आमटे ह्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापिली आणि पुढे आनंदवन उभे केले. ज्यांस गावाने वेशीबाहेर घालविले त्यांच्याच हातांनी तेथे विहिरी खणल्या गेल्या व शेते पिकली. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश हे 1973 पासून हेमलकशाच्या जंगलात माडिया गोंड लोकांची सेवा करू लागले, आणि डॉ. विकास आनंदवनात राहिले. 1990 साली बाबा स्वतः आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी, धरणामुळे बुडणाऱ्या गावांतील लोकांजवळ, राहावयास गेले. आपण लाविलेल्या झाडाची सावली सोडून म्हातारपणी दुसऱ्याच्या उन्हात जाऊन बसणे सोपे नसते. पण ते गेले, आणि आनंदवनातले काम चालू राहिले.

येथे कोणी विचारील, मुलाने बापाच्या मागे काम पाहिले तर त्यात दोष आहे काय? नाही, बंधूंनो. जंगलात जाऊन आजाऱ्यांचे व्रण धुणे हा वारसा कोणी मागत नाही. जो घेतो त्यास घेऊ द्या. परंतु काम न शिकता, न सोसता, खुर्ची आमच्या घराण्याची असे म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. ज्या अध्यायात इथ्रोची सल्ला आहे त्याच्याच आरंभी मोशेच्या दोन मुलांची नावे दिली आहेत, गेर्षोम व अलियेजर. तरी जेव्हा पुढारी नेमण्याची वेळ आली तेव्हा मोशेने देवाजवळ आपल्या मुलांसाठी मागणे केले नाही. लोक मेंढपाळावाचून राहू नयेत एवढेच त्याने मागितले. आणि देवाने यहोशवास दाखविले तेव्हा सर्व मंडळीच्या देखत, उघड उघड, त्याच्यावर हात ठेवून मोशेने त्यास अधिकार दिला (गणना 27). घरच्या ओसरीवर नाही, आपल्या मरणानंतरही नाही. डोळे व हात धड असताना, सगळ्यांसमोर दिला.

आता दुसऱ्या पाठाकडे या. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर उठली. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असा बोभाटा झाला. प्रेषितांनी काय केले? कुरकुर करणाऱ्यांस गप्प बसा म्हटले नाही, आणि आम्ही प्रभूबरोबर हिंडलो, आम्हांस विचारणारे तुम्ही कोण, असेही म्हटले नाही. त्यांनी सर्वांस बोलाविले, सात माणसे निवडा म्हणून मंडळीसच सांगितले, आणि निवडलेल्यांवर हात ठेवून काम सोपविले. त्या सातांची नावे वाचून पाहा. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या लोकांच्या हाती, असे दिसते, वाटप दिले गेले. त्यांतला निकलाव हा तर जन्माने यहूदीही नव्हता. तो बाहेरून आलेला होता. जे आपल्या गावी कालपरवा मंडळीत आले, ज्यांस मागल्या रांगेत बसवितात, त्यांनी हे नाव मनात धरावे.

आपल्या देशाचा कायदाही ह्याच वाटेने जातो, हे पाहून आम्हांस नवल वाटते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढावयास निदान सात माणसे लागतात. एकट्या मनुष्यास ती काढता येत नाही. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आपल्या महाराष्ट्रात लागू आहे. त्याप्रमाणे दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, आणि विश्वस्त बदलले म्हणजे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक संस्थांत दोन तट दोन अर्ज देतात, प्रकरण वर्षानुवर्षे चालते, वकिलाची फी फंडातून जाते, आणि ज्यांच्यासाठी संस्था काढली ते अनाथ, रोगी व विद्यार्थी दारात उभे राहतात. म्हणून कायदा हा आपला शत्रू समजू नका. तो अंधारात ठेवलेली वही उजेडात आणावयास लावितो.

हे सर्व म्हाताऱ्यांस झाले. आता तरुणांस दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोशेच्या कामातला दोष इथ्रोने पाहिला, तसाच दावीद राजाच्या कारभारातला दोष अबशालोमानेही पाहिला (2 शमुवेल 15). दोघांची तक्रार एकच होती, की लोकांचा निवाडा वेळेवर होत नाही. परंतु इथ्रो जावयाच्या तोंडावर बोलला आणि बोलण्याबरोबर उपायही सांगितला. अबशालोम वेशीत उभा राहिला, येणाऱ्याजाणाऱ्यास कवटाळून, राजा तुमचे ऐकत नाही, मी असतो तर ऐकिले असते, असे सांगत गेला. इथ्रोच्या बोलण्याने लोक सुखाने आपापल्या ठिकाणी गेले. अबशालोमाच्या बोलण्याने घरात रक्त सांडले. तरुणांनो, तुमची तक्रार खरी असेल. पण ती तुम्ही पाराखाली सांगता की सभेत, हे तपासून पाहा. आणि तक्रारीबरोबर आपला खांदाही पुढे करा. हिशेब कोणी दाखवीत नाही म्हणणाऱ्याने, मी वही लिहितो, असेही म्हणावे.

आपण शेतकरी लोक आहो. नव्या गोऱ्ह्यास एकदम एकट्याने औतास कोणी जुंपीत नाही. त्यास जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीस लावितो. तास कसा धरावा, कोठे वळावे, हे तो बैल त्यास चालता चालता शिकवितो. पहिले काही दिवस तास वाकडा जातो, नांगर उथळ लागतो, म्हणून आपण गोऱ्ह्यास दावणीस परत बांधून टाकीत नाही. मग मंडळीच्या कामातच आपण असे का करितो? नवीन चिटणिसाची एक चूक झाली की जुना वडील म्हणतो, पाहिले ना, ह्यांच्याने होणार नाही. बाबारे, तुझ्याही पहिल्या वर्षी तास वाकडाच होता, आणि कोणीतरी तो सोसला होता.

ह्यास्तव उपदेशकांनो व वडिलांनो, ह्या वर्षीच्या सभेपूर्वी तुम्ही पाच गोष्टी कराव्या अशी आमची विनंती आहे. पेटीस दोन कुलुपे लावा आणि किल्ल्या दोघांकडे ठेवा. बँकेत निदान दोघांच्या सह्यांचा ठराव करा, आणि त्या दोघांतील एकास अडचण आल्यास सही कोणी करावी हेही त्यात लिहा. वही रोजच्या रोज लिहा आणि ती वर्षातून एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांस अक्षर येत नाही त्यांसही कळेल. प्रत्येक जुन्या कामकऱ्याबरोबर एक नवा कामकरी जोडून द्या, आणि त्यांत स्त्रियांस विसरू नका. पदाची मुदत ठरवा, आणि ती संपली म्हणजे जाणाऱ्याचे उपकार सभेत मानून त्यास सन्मानाने निरोप द्या. पुष्कळ म्हातारे पद सोडीत नाहीत ते लोभाने नव्हे. पद गेल्यावर आपणांस कोणी रामराम करणार नाही, ह्या भीतीने सोडीत नाहीत. ती भीती दूर करणे हे मंडळीचे काम आहे.

नाव सोडणे, मान सोडणे हे किती जड जाते ते आम्ही जाणतो. ह्याच नागपूर शहरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली. त्या ऐक्याची बोलणी 1929 पासून, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, चालली होती. बोलणी सुरू करणाऱ्यांतील कित्येक तो दिवस पाहण्यापूर्वीच प्रभूकडे गेले. सहांपैकी प्रत्येकीस आपले जुने नाव, आपली काही रीत सोडावी लागली. तरी त्यांनी सोडली. आणि आज आपण त्या कामाचे फळ खातो.

आम्ही मघाशी सांगितलेल्या खेड्यात पुढे काय झाले ते सांगून हे बोलणे संपवितो. पाळकांनी सभा भरविली. ठराव झाला, बँकेत नव्या सह्या गेल्या. त्या सह्यांपैकी एक सही त्याच विधवेची आहे, जिच्या मुलीसाठी पैसा निघाला नव्हता. तिला सही करावयास रात्रीच्या वर्गात उपदेशकाच्या बायकोने शिकविले. ते वृद्ध वडील आणखी एक वर्ष जगले. दर महिन्यास ती बाई वही घेऊन त्यांच्या खाटेजवळ जाई आणि हिशेब वाचून दाखवी. ते मान हालवीत. त्यांच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सुगीची फेरी होती, आणि ती ठरल्याप्रमाणे निघाली.

तुमच्या गावी, तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, फेरी निघेल काय? प्रत्येकाने आज रात्री प्रार्थनेस बसण्यापूर्वी हा प्रश्न आपल्या मनास विचारावा. काम प्रभूचे आहे. ज्याच्या हाती किल्ली आहे तो कारभारी आहे, धनी नव्हे. आणि धनी एक दिवस येऊन हिशेब मागणार आहे. तो आपणा सर्वांस किल्ली धरावयास विश्वासूपण आणि ती वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्यावयास नम्रता देवो. आमेन.